हिरव्या दिव्याची साक्ष

१

विजयमालाताईंनी सकाळी उबवणीच्या खोलीचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. त्या दिवशी पिल्लं बाहेर पडायची होती. अशा सकाळी मोहोळजवळच्या त्यांच्या हॅचरीत एवढा चिवचिवाट असतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आज खोली मुकी होती. पंख्याचा पट्टा तुटून लोंबत होता, आतली हवा भट्टीसारखी तापली होती आणि ट्रेमधली अंडी जागच्या जागी गेली होती. काही पिल्लांनी कवचाला आतून चोच मारून भोक पाडलं होतं. त्यापुढं त्यांचं काही चाललं नव्हतं.

आता पट्टा तुटणं हा काही कुणाचा गुन्हा नव्हे. पट्टे तुटतातच. त्यासाठीच तर बाहेरच्या खोलीत भिंतीवर ती पेटी बसवली होती. आत ऊब वाढली की पेटीनं मोबाइलच्या नेटवर्कवरून सोलापूरच्या कंपनीला कळवायचं आणि कंपनीच्या सर्व्हरनं ताईंचा फोन खणाणून सोडायचा, असा सगळा बेत. त्या रात्री फोन वाजलाच नाही.

पेटी सोलापुरात तयार होई आणि तिच्या पोटात चालणारी छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम प्रियंकानं लिहिली होती. म्हणून तपासालाही तीच आली. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली ही मुलगी पुण्यात शिकून, तिथं नोकरी करून परत आली होती. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. आल्याबरोबर तिनं काय केलं? तुम्ही-आम्ही करतो तेच. पेटी बंद केली आणि पुन्हा चालू केली. संपर्क असल्याचा हिरवा दिवा लागला. चाचणीचा निरोप पाठवला, तर ताईंच्या हातातला फोन लगेच वाजला.

"पेटी ठणठणीत आहे," प्रियंका म्हणाली.

"मग रात्री काय तिला झोप लागली होती?" ताईंनी विचारलं.

प्रियंकानं इकडंतिकडं पाहिलं. पेटीच्या खाली, विजेच्या बोर्डापाशी एक मोबाइलचा चार्जर पडला होता. तो रात्रीच्या राखणदाराचा, अझरुद्दीनचा होता. तिनं हॅचरीचा वायरमन धुळाप्पा याला विचारलं, "सकाळी हा चार्जर बोर्डात होता का?"

"व्हय, व्हता की," धुळाप्पा म्हणाला.

अझरुद्दीन पंचविशीचा, सडपातळ. तो दारापाशी उभा होता. "मॅडम, मी पेटीला हात लावला नाही. उबवणीच्या खोलीत जायची तर मला परवानगीच नाही. मी बाहेरच्या खोलीतून बघत होतो, हिरवा दिवा रात्रभर चालू होता."

प्रियंकानं फोनवर सर्व्हरची नोंद पाहिली. त्या रात्री या पेटीचा कंपनीशी संपर्कच नव्हता. हिरवा दिवाही चालू आणि संपर्कही नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. म्हणजे कुणीतरी खोटं बोलत होतं. आणि प्रियंकाच्या मते तिची पेटी खोटं बोलत नसे.

संध्याकाळपर्यंत तिचा अहवाल ताईंच्या हातात होता. मोबाइल चार्ज करण्यासाठी राखणदाराने पेटीची पिन काढली असावी, असं त्यात लिहिलं होतं. त्याच दिवशी अझरुद्दीनची नोकरी गेली. ताईंनी पोलिसांकडे अर्ज दिला आणि त्याला ठाण्यात हजेरी सुरू झाली. मोहोळ भागातल्या एकाही पोल्ट्रीवाल्यानं त्याला नंतर दारात उभं केलं नाही. प्रियंकाच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

२

काही आठवड्यांनी माढ्याहून फोन आला. तिथं डाळिंबाचं एक शीतगृह होतं आणि जोतिराम नावाचा माणूस ते सांभाळत असे.

"मॅडम, तुमची पेटी रुसली का वो? आतलं यंत्र बंद पडलंय, गारवा गेलाय, पर फोन न्हाय आला. मी सहज आत गेलो म्हणून माल वाचला. आता पेटी बंद करून चालू करतो."

"हात लावू नका!" प्रियंका एवढ्या जोरात ओरडली की ऑफिसातली माणसं वळून बघू लागली. "कुणीही हात लावू नका. मी निघाले."

ती का ओरडली हे तिचं तिलाही नीट कळलं नव्हतं. गाडीत बसल्यावर कळलं. मोहोळला तिनं पेटी बंद-चालू केली होती. चोरी झालेल्या खोलीत शिरून आधी झाडून घ्यावं आणि मग ठसे शोधत बसावं, तसलाच तो प्रकार होता. झाडणारीही तीच आणि निकाल देणारीही तीच.

माढ्याला पेटी लोखंडी जाळीत कुलूपबंद होती. किल्ली जोतिरामच्या कमरेला होती.

"ही जाळी कुणी उघडली होती?"

"कोण उगडंल? किल्ली माझ्यापाशी. बसवल्यापास्नं आजच उगडतोय."

त्यानं कुलूप काढलं. पिन जागेवर होती. आजूबाजूला चार्जर नव्हता की दुसरं काही नव्हतं. पेटीवर हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

प्रियंकानं ऑफिसात फोन लावला. सर्व्हर म्हणत होता, या पेटीचा कालपासून पत्ता नाही.

म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. ती दिव्याकडं बघत उभी राहिली आणि हॅचरीच्या दारातला तो सडपातळ मुलगा तिला आठवला. माढ्यात अझरुद्दीन नव्हता. तरीही इथं नेमकं तेच घडलं होतं.

३

परतीच्या वाटेवर तिनं गाडी मोहोळला वळवली. हॅचरीत नवी अंडी लागली होती आणि धुळाप्पा जनरेटरपाशी बसून काहीतरी पुसत होता. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"धुळाप्पामामा, त्या दिवशी चार्जर बोर्डात होता म्हणालात. बोर्डाला सॉकेट किती?"

"दोन."

"चार्जर कुठल्या सॉकेटात होता?"

धुळाप्पानं हातातलं फडकं घडी घातलं, मग पुन्हा उलगडलं. "दुसऱ्या. पेटीची पिन तिच्या जागी पयल्यातच व्हती. चार्जर मीच उपसून खाली टाकला, सवयीनं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुटं? चार्जर व्हता का म्हणून इचारलं, मी व्हय म्हणलो. फुडं कायतरी बोलणार व्हतो, तर तुमी लिवाय बसला." मग तो खाली बघून म्हणाला, "आणि खरं सांगू का मॅडम? पट्टा जुना झाला व्हता, बदलायचं काम माझं. मला वाटलं, त्या पोरावर जातंय तर जाऊ दे. लई वंगाळ केलं मी."

प्रियंकाला त्याच्यावर चिडायचं होतं, पण कुठल्या तोंडानं चिडणार? त्यानं निदान भीतीपोटी गप्प राहून एक गोष्ट दडवली होती. तिनं तर न विचारताच सगळं ठरवून टाकलं होतं. राखणदार आहे, म्हणजे मोबाइलचा नाद असणारच, पिन उपटणारच. तिच्या वडिलांना, बिरुदेवांना, एका गावात अशाच ठरवून टाकलेल्या चोरीसाठी चावडीवर बसवून ठेवलं होतं. ही गोष्ट ती पुण्यातल्या मैत्रिणींना मोठ्या तावातावानं सांगत असे.

एक संशयित सुटला, पण मग खरा गुन्हेगार कोण? हॅचरीतही नव्हता आणि शीतगृहातही नव्हता, असा कोण उरला?

ती उरली होती.

४

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा कोड असा उघडला की जणू तो शत्रूनं लिहिलाय.

मोबाइलची लाइन दिवसातून चार वेळा तुटते. म्हणून संपर्क तुटला तर कंपनी बोंब मारत नसे. लाइन तुटल्याचं पेटीनंच ओळखावं आणि आपणहून पुन्हा जोडून घ्यावं, अशी योजना होती. त्यासाठी पेटी दर थोड्या वेळानं सर्व्हरला हाक मारी आणि उत्तराची वाट बघायला एक मुदत लावी. मुदतीत ओ आली नाही तर लाइन मेली असं समजून हिरवा दिवा विझवी आणि नवी लाइन जोडी. दोन्ही जागी एकच गोष्ट झाली होती. मुदत संपलीच नव्हती. पेटी मेलेल्या लाइनीपाशी, आता ओ येईल, मग येईल, म्हणत बसून राहिली होती.

पण का? आणि दोनच जागी का? सोलापुरातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये याच पेट्या कितीतरी होत्या. तिथली हवा तापलेली, सूत उडत असतं, हादरे बसत असतात, आणि तरी एकीचीही तक्रार नव्हती. ऑफिसातली चाचणीची पेटी तर दोन वर्षं टेबलावर होती. ती एकदाही चुकली नव्हती. तिनं टॉवरवर संशय घेतला, सिमकार्डावर घेतला, गारठ्यावर घेतला. पण हॅचरी गरम आणि शीतगृह थंड, त्यामुळं तोही संशय फसला. दिवस मावळला तरी गाठ सुटेना.

ऑफिस म्हणजे कंपनीचे मालक नरसय्या यांची वडिलोपार्जित मागाची शेड. माग विकले, पण शेड ठेवली. सगळे त्यांना आण्णा म्हणत. रोजच्याप्रमाणे आण्णांनी देवापुढं उदबत्ती लावली, हात जोडले आणि घरी जाण्यासाठी चपला पायात सरकवल्या.

"चल अम्मा, उद्या बघ राहिलेलं," ते आपल्या तेलुगू सवयीनं म्हणाले, आणि भिंतीवरच्या मेन स्विचच्या दांड्याला हात घातला.

प्रियंका दोन वर्षं रोज हे बघत होती. मागाच्या शेडमध्ये जन्म गेलेला माणूस मेन चालू ठेवून घरी जात नाही. सुतात एक ठिणगी पडली तर सगळं होत्याचं नव्हतं होतं. माग गेले, सूत गेलं, पण आण्णांचा दांडा काही सुटला नाही. दांडा खाली आला. दिवे गेले, पंखे थांबले, आणि टेबलावरच्या पेटीचा हिरवा दिवाही विझला.

"आण्णा," ती अंधारात म्हणाली, "मागवाले सुट्टीच्या दिवशी मेन पाडतात ना?"

"पाडणारच की. न पाडून कसं चालंल?"

"सगळे पाडतात?"

"सोलापुरात जो पाडत नाही, त्याला मी मागवाला म्हणत नाही."

प्रियंका खुर्चीतून ताडकन उठली आणि टेबलावर आपटली. "आण्णा, दांडा वर करा. पेटी कशामुळं अडली ते कळलं मला."

५

आण्णांनी दांडा वर केला आणि चपला न काढताच समोर बसले.

"हॅचरीत अंड्यांची एक खेप निघाली की लगेच दुसरी लागते," प्रियंका म्हणाली. "तिथं वीज क्षणभरही जाऊ देत नाहीत. इन्व्हर्टर आहे, जनरेटर आहे. शीतगृहातही तेच. फक्त या दोन जागी आपली पेटी कधीच बंद होत नाही. बाकी सगळीकडं तिला आठवड्याला विश्रांती मिळते, आणि इथं तर रोज."

"मग विश्रांती नसल्यानं ती दमली म्हणतेस?"

"दमली नाही, तिचा मीटर फिरला. आण्णा, तुमच्या जुन्या स्कूटरच्या मीटरला किती आकडे होते?"

"पाच."

"सगळे नऊ झाल्यावर?"

"पुन्हा शून्य."

"पेटीच्या आत वेळ मोजायला असाच एक मीटर आहे. पेटी सुरू झाली की तो शून्यापासून निघतो आणि बरेच आठवडे चालला की सगळे नऊ होऊन पुन्हा शून्यावर येतो. आता समजा, मीटर सगळ्या नऊंच्या जवळ आलाय, आणि मी पेटीला सांगितलं, अजून दहा आकडे मोज, तोवर ओ आली नाही तर लाइन तोड. तिनं बेरीज केली, एक लाखाच्या वरचा आकडा आला, आणि ती त्याची वाट बघत बसली. पाच आकड्यांच्या मीटरवर तो आकडा दिसणार कधी?"

"कधीच नाही," आण्णा म्हणाले.

"आणि पहिली मुदत संपल्याशिवाय मी दुसरीकडं बघूच देत नाही. त्यामुळं ती अडली की तिच्या मागच्या सगळ्या अडल्या. त्यानंतर लाइन तुटली तरी पेटीला कळत नाही. दिवा हिरवाच राहतो. अंडी तापताहेत असा निरोप पेटीनं दिला होता आण्णा. पण तो तिनं मेलेल्या लाइनीवर दिला आणि उत्तराची वाट बघत राहिली."

तिनं टेबलावरच्या पेटीचा मीटर सगळ्या नऊंच्या अलीकडं आणून ठेवला, तो फिरू दिला आणि मग लाइन तोडली. दोघं बघत बसले. लाइन नव्हती, आणि हिरवा दिवा चालू होता. मग तिनं कोडमधली एक ओळ बदलली. मुदत संपली का हे ठरवताना मोठ्या आकड्याची वाट बघण्याऐवजी मधे किती अंतर गेलं तेवढंच मोजायचं, मग मीटर फिरला तरी हिशेब चुकत नाही. पुन्हा तोच प्रयोग केला. या वेळी दिवा विझला, पेटीनं नवी लाइन जोडली आणि दिवा पुन्हा लागला. एका ओळीचं काम होतं. एखाद्याची भाकर जायला तेवढी पुरली होती.

आण्णांनी पेटी स्वतःकडं ओढली. "आता सगळ्या पेट्यांत हे घाल. पण गुपचूप. अहवाल गेला तो गेला. एकदा कंपनीचं नाव खराब झालं तर सोलापुरात आपल्याला कोण उभं करील?"

आणि खोटं कशाला बोला, क्षणभर प्रियंकालाही ते पटलं. कुणाला कळणार होतं? चुकलेला कोड वाचणारी या जिल्ह्यात तीच एकटी. त्या क्षणाची तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली, चुकलेल्या ओळीपेक्षाही जास्त.

"आण्णा, ओळ लिहिताना मी चुकले, ते चालतं. चुका होतात," ती म्हणाली. "पण मी त्या मुलाला खोटारडा ठरवलं. तो ठाण्यात हजेरी लावतोय. ते कोडमध्ये दुरुस्त होत नाही."

आण्णांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "दोन वर्षं रोज मीच दांडा पाडत होतो. नाहीतर ही चूक तुला या टेबलावरच दिसली असती," ते म्हणाले. "उद्या मीही येतो. तू एकटी नको जाऊस."

६

विजयमालाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "गावासमोर मी त्याला पिल्लांचा खुनी म्हणाले हो," त्या म्हणाल्या. अर्ज मागे घेते, त्याला कामावर घेते, आजच निरोप पाठवते, असं सगळं त्या एका दमात बोलून गेल्या.

"निरोप नको," प्रियंका म्हणाली. "आधी मी जाते."

अझरुद्दीनचं घर मोहोळमधेच, एका अरुंद बोळात होतं. तो दारात सायकलची साखळी बसवत होता. तिला बघून उठला नाही, पण हात थांबले. प्रियंकानं वाटेत शब्द जुळवून ठेवले होते. ते सगळे ऐन वेळी गेले.

"हिरवा दिवा चालू होता," ती म्हणाली. "तू खरं सांगत होतास. माझी पेटी चुकली. मी चुकले."

अझरुद्दीननं साखळी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि रागही नव्हता. "मला माहीत होतं ते," तो म्हणाला. "मला नका सांगू, मॅडम. आत अम्मी आहे. तिला सांगा."

आत कमरबी चुलीपाशी बसल्या होत्या. आण्णा बाहेरच थांबले. प्रियंका जमिनीवर बसली आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं, मीटरचं, मुदतीचं, मेनच्या दांड्याचं. कमरबींना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या तिच्या तोंडाकडं एकटक बघत होत्या.

"मतलब," त्या शेवटी म्हणाल्या, "इसने पेटीकू हात नहीं लगाया?"

"नाही लावला."

"बिलकुल नहीं?"

"बिलकुल नाही. सगळी चूक माझी."

प्रियंका शिव्यांची वाट बघत होती. त्या मिळाल्या असत्या तर बरंच झालं असतं. कमरबी मात्र तिच्याशी बोलायच्या थांबल्या आणि दाराकडं वळल्या. तिथं अझरुद्दीन चौकटीला टेकून उभा होता.

"मैं इसकू कसम दी थी," त्या म्हणाल्या. प्रियंकाला सांगत होत्या, पण बघत मुलाकडं होत्या. "इने कसम खाया. फिर भी मैं नहीं मानी. बोली, इत्ती पढ़ी-लिखी बाई झूट कायकू लिखेगी? तब से मैं इससे बात नहीं करी. खाना रखके सरक जाती थी."

अझरुद्दीन जमिनीकडं बघत होता.

प्रियंका या घराची माफी मागायला आली होती. काय काय बोलायचं ते आता तिला आठवलंही होतं. पण कमरबी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी आपल्या मुलापुढं हात जोडले. "माफ कर रे बेटा," त्या म्हणाल्या. अझरुद्दीननं घाईघाईनं ते हात धरले आणि खाली केले.

प्रियंका आपल्या जागी बसून राहिली. कुठं बघावं ते तिला कळेना.